दादाचं मटण-अंडी पथ्य, त्याचे रिपोर्ट आणि शास्त्र: नक्की सिद्ध काय झालंय?

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

मी राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं काम करते. रक्त काढायचं, नळ्या फिरवायच्या, मशीनला लावायच्या. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट माझ्याच हातून जातात.

थोरला दादा ४९ वर्षांचा, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघतो. सात वर्षांपासून साखर आहे. दिवाळीनंतर त्याचं रक्त फिरवलं तर वर आलेलं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुधासारखं पांढरं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ६८०; एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९; वजन ९१ किलो. मी त्याला ती नळी दाखवली. तो घाबरला, आणि मोबाइलवर बघून बघून संक्रांतीनंतर त्याने धान्य, डाळी, फळं, भाज्या सगळं बंद केलं. तिळगूळ हा शेवटचा गोड घास. तेव्हापासून सकाळी लोण्यात चार अंडी, दोन्ही वेळा मटण, अळणी रस्सा, नळ्या, कलेजी. वहिनी दोन चुली सांभाळावी तसा दोन तऱ्हांचा स्वयंपाक करते.

चार महिन्यांनी परवा रक्त काढलं. वजन ८०. एचबीएवनसी ६.४. ट्रायग्लिसराइड १२८. सिरम स्वच्छ पिवळं, नळीमागचं बोट दिसावं इतकं. नळी हातात धरूनच मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, दादा, जिंकलास.

अर्ध्या तासाने मशीनने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दिला, २१८. आधी तो १२१ होता, थेट मोजलेला. अठरा वर्षं हे काम करूनही मी फसले. ट्रायग्लिसराइड वाढले की सिरम दुधाळ होतं, डोळ्याला दिसतं. एलडीएल कितीही वाढला तरी सिरम गढूळ होत नाही.

दादा म्हणतो, साखर उतरली, वजन उतरलं, आता एलडीएलचा बागुलबुवा कशाला? या पथ्यामागे खरोखर किती पुरावा आहे? वाचून-अभ्यासून बोलणाऱ्यांनी लिहावं, ही विनंती.

लालमाती | सोमवार, रात्री ११:२५

ताई, आधी दादांना शाबासकी द्या. चार महिने भाकरीकडं न बघणं हे कोल्हापुरात सोपं न्हाई.

मी स्वतः गंगावेशीकडचा. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होतो. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. जोर-बैठका बंद, पण थंडाई, तूप, दूध, सहा भाकरी चालूच. चाळिशीत ११२ किलो आणि साखर, एचबीएवनसी ९.१. मला कायम सांगितलं गेलं की तेल-तूप बंद करा, मटण बंद करा, चपात्या चार चालतील. तीन वर्षं तसं केलं आणि गोळ्या वाढतच गेल्या. मग धान्य जवळजवळ सोडलं. अंडी, मटण, मासे, पालेभाजी, ताक. दोन वर्षांत ८८ किलो, एचबीएवनसी ६.१.

हे नुसतं माझं नाही. अमेरिकेत २६२ मधुमेही लोकांना केटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद आणि चरबी जास्त अशा पथ्यावर ठेवून वर्षभर पाहिलं, २०१८ साली ते छापून आलं. सरासरी एचबीएवनसी ७.६ वरून ६.३ वर आला आणि बऱ्याच जणांचं इन्सुलिन सुटलं. प्युअर नावाचा अभ्यास १८ देशांतल्या सव्वा लाखावर लोकांचा, २०१७ चा. त्यात कर्बोदकं जास्त खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले, चरबी जास्त खाणाऱ्यांत नाही. तरी आपल्याकडं तुपालाच दोष. जे औषध गुण देतंय ते सोडा म्हणणं मला पटत नाही.

मध्यमान | मंगळवार, सकाळी ६:५०

मी संख्याशास्त्र शिकवते. लालमाती, तुम्ही सांगितलेले आकडे बरोबर आहेत. पण आकडा कळला की मी विद्यार्थ्यांना पुढचा प्रश्न विचारायला लावते: कशाच्या तुलनेत?

त्या २६२ जणांनी केटो स्वतःहून निवडलं होतं. चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते. त्यांना रोजच्या रोज प्रशिक्षकाचा, डॉक्टरांचा पाठपुरावा होता. तुलनेतल्या गटाला नेहमीचे उपचार. मग गुण पथ्याचा किती आणि पाठपुराव्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पथ्य खोटं आहे असं मी म्हणत नाही, त्या अभ्यासातून एवढंच निघतं की मनापासून पाळणाऱ्याला, सोबत दिली तर, उत्तम फरक पडतो.

चिठ्ठी टाकून केलेले प्रयोग काय सांगतात? २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. सहा महिन्यांनी कमी कर्बोदकं घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांचा एचबीएवनसी ६.५ च्या खाली होता, दुसऱ्या पथ्यांवर ३१ टक्क्यांचा. फरक मोठा आहे, कबूल करायलाच हवा. पण बारा महिन्यांपर्यंत तो बराचसा विरघळला. लोकांना पथ्य टिकवता येत नाही हे त्याचं एक मोठं कारण असावं.

वजनाचं म्हणाल तर स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांचे चिठ्ठीने दोन गट केले, एकाला कमी चरबी, दुसऱ्याला कमी कर्बोदकं. दोघांनाही सांगितलं की साखर, मैदा, पाकिटातलं टाळा, घरचं खा. वर्षभराने एक गट सरासरी ५.३ किलोने उतरला, दुसरा ६ किलोने. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक नाहीच. गंमत पुढे आहे. दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलो उतरवले तर कुणी उलट वाढवले. म्हणजे गटागटांतल्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा. लालमातींना जे लागू पडलं ते शेजारच्याला पडेलच असं नाही, आणि शेजाऱ्याला पडलं नाही म्हणून लालमाती खोटे ठरत नाहीत.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, ३०६ मधुमेही. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरींची पावडर पाण्यात कालवून दिली, मग हळूहळू जेवण सुरू केलं. वर्षाने ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, नेहमीच्या उपचारांत ४ टक्के. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के. आणि त्या पावडरीतल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांतूनच येत होत्या!

म्हणजे साखर उलटवायला कर्बोदकं शून्यावर न्यावी लागतात असं नाही. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की गाडी रुळावर येते. दादांचे अकरा किलो उतरले. त्यांच्या ६.४ मागे त्या अकरा किलोंचा वाटा किती आणि मटणाचा किती, हे एका माणसावरून कधीच सांगता येणार नाही.

लालमाती | मंगळवार, सकाळी ८:१५

पावडरीचं मला माहीत नव्हतं. हे वाचून विचारात पडलो. पण मॅडम, साडेआठशे कॅलरीवर पैलवान माणूस उपाशी मरंल. मटण-अंड्यावर भूक लागत नाही, तोच तर फायदा. पोट भरून खाऊन वजन उतरतंय.

मध्यमान | मंगळवार, सकाळी ८:४०

भुकेबद्दल तुमचा अनुभव पुष्कळांचा आहे. पण यावरही एक चोख प्रयोग आहे. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे दवाखान्यातच ठेवलं. दोन आठवडे कमी चरबीचं, वनस्पतींवर आधारलेलं जेवण, दोन आठवडे मांस-अंड्यांवर आधारलेलं केटो. हवं तेवढं खा, कुणी अडवणार नाही. कमी चरबीच्या जेवणावर लोकांनी दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भूक किंवा समाधान यांत फरक सांगितला नाही. मात्र जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन केटोवर स्पष्टच कमी राहिली, तीही नोंद त्याच निबंधात आहे. हे लोक मधुमेही नव्हते आणि दोन आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, हेही लक्षात ठेवू.

पहिल्या आठवड्यात झपकन उतरणारे दोन-तीन किलो बहुतेक पाण्याचे असतात. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणी जातं. काटा खाली येतो आणि माणसाचा विश्वास बसतो.

ओपीडीनंतर | मंगळवार, दुपारी २:१०

फिजिशियन आहे. चर्चा चांगली चाललीय, पण मधेच थांबवतो. रंकाळाकाठ, तुमचे दादा गोळ्या कुठल्या घेतात? पथ्य सुरू करताना डॉक्टरांना सांगितलं होतं का?

रंकाळाकाठ | मंगळवार, दुपारी ३:०५

वहिनीला फोन करून चिठ्ठी वाचून घेतली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते रागावतील म्हणून. चार महिने गेलाच नाही, गोळ्या मात्र जुन्याच चालू आहेत.

वहिनीने आणखी एक सांगितलं. गेल्या महिन्यात दोनदा यार्डातून घरी आल्यावर त्याचे हात थरथरत होते, घामाने शर्ट भिजला होता. तिला वाटलं ऊन लागलं. कांदा हुंगायला दिला.

ओपीडीनंतर | मंगळवार, दुपारी ३:२०

ते ऊन नव्हतं बहुतेक. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, जेवणात कर्बोदकं असोत वा नसोत. ताटातली भाकरी गेली आणि गोळी तीच राहिली की साखर खाली घसरते. थरथर, घाम, गोंधळ. गाडी चालवताना झालं तर काय?

दुसरी गोष्ट त्याहून छुपी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. तिच्या जोडीला कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ, वाढून आम्ल साचू शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. घरचे म्हणतात, साखर तर बरी आहे, पित्त झालं असेल. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं, विनाकारण गळून जाणं, यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठायचा, चालू औषध सांगायचं आणि कीटोन तपासायला लावायचे.

मी इथून गोळी बंद करा असं सांगणार नाही. आज संध्याकाळीच त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कमी कर्बोदकांचं पथ्य मीही रुग्णांना देतो, पण पहिल्याच दिवशी गोळ्यांची फेरमांडणी करून. डॉक्टर रागावतील म्हणून लपवणं ही या पथ्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. रागावणाऱ्या डॉक्टरांनीही याचा विचार करावा, मी स्वतःला त्यात धरतो.

भाकरतुकडा | मंगळवार, रात्री ९:००

मी कागल तालुक्यातली. शेती, चार म्हशी, घरात नऊ माणसं. माझं म्हणणं वेगळंच आहे.

कोल्हापूर मटण खातं म्हणून नाव आहे, पण ताट बघितलंय का कुणी नीट? आमच्याकडं रविवारी दीड किलो मटण आणतो. एकेकाच्या वाट्याला पाच-सहा फोडी. बाकी तांबडा, पांढरा, आणि रश्शात चुरायला तीन-तीन भाकरी, वर भात. पोट भरतं ते भाकरी-भातानंच. बुधवारी अंडी. बाकीचे दिवस डाळ कमी आणि भात जास्त. रोज दोन्ही वेळा मटण म्हणजे आजच्या भावात एका माणसामागं महिन्याला किती होतील, हिशेब करा. दादा एकटे खातात, वहिनी काय खाते, हे कुणी विचारलं का?

आणि ते भाकरी चांगली, चपाती वाईट, भात त्याहून वाईट, असं सांगणारे पण बघितले. आमच्या सासऱ्यांनी साखर आहे म्हणून भात सोडून जोंधळ्याच्या चार भाकरी धरल्या. साखर हलली नाही.

मध्यमान | मंगळवार, रात्री ९:४५

भाकरतुकडा, तुमच्या सासऱ्यांना जे दिसलं तेच आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीत दिसतं. २०२५ मध्ये आलेल्या निबंधाप्रमाणे भारतीय माणसाच्या कॅलरींतल्या सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनं फार कमी. त्यात दिसलं की पांढऱ्या भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही. एकूण कॅलरींतल्या पाच टक्के कर्बोदकांतून काढून डाळी, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांना दिल्या तर मात्र कमी दिसतो. प्रयोग नाही, पाहणी आहे, पण आपल्याच लोकांची.

याच गटाने २०२२ मध्ये गणित मांडलं होतं, नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनं १९-२० टक्के. अमेरिकेतला माणूस पन्नासावरून दहावर जातो तेव्हा त्याला आपण केटो म्हणतो. आपण बासष्टावरून पन्नासावर आलो तरी ते आपल्यासाठी कमी कर्बोदकांचंच जेवण आहे. लालमातींनी सांगितलेल्या प्युअरमध्येही धोका दिसला तो अतिशय जास्त कर्बोदकं खाणाऱ्यांत, सत्तर टक्क्यांच्या पुढे. त्या आकड्यावरून शून्याची शिफारस निघत नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थला आलेल्या पाहणीत तर दोन्ही टोकांना मृत्यू जास्त आणि पन्नास-पंचावन्नला सगळ्यात कमी दिसले. कर्बोदकांच्या जागी मांस आलं तर धोका जास्त, डाळी-दाणे आले तर कमी.

वरणभात | मंगळवार, रात्री १०:३०

आम्ही माळकरी. मटण-अंड्याचा प्रश्नच नाही. आमच्यासाठी काही आहे का? आणि साखर बंद करून गुळाचा चहा चालतो ना? कोल्हापुरी गूळ शुद्ध असतो.

ओपीडीनंतर | मंगळवार, रात्री १०:५०

गूळ आपला अभिमान आहे, पण रक्तासाठी ती साखरच. मुख्यतः सुक्रोज. चहातला गूळ आणि चहातली साखर यांत मधुमेह्याने फरक मानू नये.

तुमच्यासाठी भरपूर आहे. भाताची मूद अर्धी, वरण दुप्पट आणि घट्ट. मटकी, मूग, हरभरा, पनीर, दही, ताक, शेंगदाणे, सोयाबीन. मिसळ खायची तर मटकी वाढवा, पाव एकच. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी नकोत असं सांगितलंच आहे.

लालमाती | बुधवार, सकाळी ७:३०

पटतंय बरंच. पण मूळ प्रश्न राहिलाच, एलडीएल. ज्याची साखर, ट्रायग्लिसराइड, वजन, कंबर, बीपी सगळं सुधारलंय, त्याच्यात एकटा एलडीएल वाढला तर तो तेवढाच घातक, हे कुणी सिद्ध केलंय? एस्किमो पिढ्यानपिढ्या मांसावर जगले. स्टेफान्सन नावाच्या संशोधकानं तर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या दवाखान्याच्या देखरेखीखाली वर्षभर नुसतं मांस खाऊन दाखवलं.

ओपीडीनंतर | बुधवार, दुपारी २:३०

दाखवलं, खरं आहे. तो आणि त्याचा सोबती, दोन माणसं. सुरुवातीला चरबी काढलेलं नुसतं मांस दिलं तेव्हा स्टेफान्सन दोन-तीन दिवसांत आजारी पडला, चरबी दिल्यावर सावरला, हेही त्याच नोंदीत आहे. एका वर्षात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, झाला नाही एवढं त्यातून कळतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तीस वर्षांत भरतात, त्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

निव्वळ मांसाच्या पथ्यावर आजवर चिठ्ठी टाकून केलेला मोठा, दीर्घ मुदतीचा प्रयोग झालेलाच नाही. २०२१ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी असं खाणाऱ्या २,०२९ जणांची समाजमाध्यमांतून पाहणी केली. बहुतेक जण समाधानी होते. पण जमत नाही म्हणून सोडून गेलेले त्यात कुठून येणार? आणि ज्यांनी रक्ताचे आकडे कळवले त्यांचा मध्यक एलडीएल १७२ होता. ट्रायग्लिसराइड छान, एलडीएल चढा. दादांचा रिपोर्ट अगदी तसाच आहे.

आता तुमचा प्रश्न. तो प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देतो. नेमक्या अशा माणसांवर, म्हणजे बाकी सगळं उत्तम आणि एकटा एलडीएल चढा, वीस वर्षांचा अभ्यास नाही. पण एलडीएलविरुद्धचा पुरावा एका दिशेने आलेला नाही. जन्मतः एलडीएल जास्त असणाऱ्या कुटुंबांत तरुणपणी हृदयविकार येतो, वजन आणि साखर ठीक असली तरी. जन्मतः कमी असणाऱ्यांना तो कमी होतो. आणि औषधाने एलडीएल ३९ मिलिग्रॅमच्या आसपास खाली आणला की झटका, पक्षाघात अशा घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, हे लाखांवर माणसांच्या प्रयोगांत दिसलं. तीन वेगळ्या वाटांनी माणसं चालत आली आणि एकाच वेशीपाशी पोचली. अशा वेळी, माझा रुग्ण त्याला अपवाद असेल, असं मी गृहीत धरू शकत नाही. मधुमेह्याच्या बाबतीत तर नाहीच.

लाल मांस आणि कर्करोग यावर पुरावा एवढा भक्कम नाही, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला पक्क्या कारणांत धरलं, साध्या लाल मांसाला संभाव्य कारणांत. २०१९ मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञगटाने पुरावा दुबळा आहे म्हणून मांस कमी करण्याची गरज नाही असं म्हटलं आणि त्यावर मोठा वाद झाला. रविवारच्या रश्शावर मी कुणाला भीती घालणार नाही.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दादाला घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही थांबवलं, आठवडाभर चार वेळा साखर लिहून आणायला सांगितली. एलडीएलसाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आजच सुरू करायला सांगितलं, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

आज मी त्याच्या ताटाशेजारी बसले. भाकरी अर्धी, मेथीची भाजी वाटीभर, घट्ट मसूर, दोन अंडी तेलावर, लोणी नाही. मटण आता आठवड्यातून दोनदाच. मेथीचा पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग वहिनीला म्हणाला, तूही बस आता बरोबर. चार महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा एकाच भांड्यातलं जेवली.

लालमाती, एक विचारू? तुमचा एलडीएल किती आहे?

लालमाती | बुधवार, रात्री १०:०५

ताई, खरं सांगतो. दोन वर्षांत मोजलेलाच नाही. साखर दर तीन महिन्यांनी बघतो, ती बरी येते म्हणून बाकीचं कधी केलं नाही. कालपासून तुमची ती नळी डोळ्यांसमोरून जात नाही. उद्या सकाळी येऊ का? उपाशीपोटी यावं लागतं का?

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री १०:१२

या. आता काही खाऊ नका, पाणी चालेल. सातला लॅब उघडते. पत्ता व्यनि केलाय. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणा.